रडार दुरुस्त करणारा माणूस गेटवर काय करतोय?

माझ्या मामांनी वीस वर्षं सैन्यात रडार आणि रेडिओ संच दुरुस्त केले. आज ते पुण्याजवळच्या एका कंपनीच्या गेटवर रजिस्टर सांभाळतात. कंपनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवते. आत टेबलांवर जे काम चालतं ते मामांना येतं. पण त्यांना पगार मिळतो तो आत जाणाऱ्यांच्या बॅगा तपासण्याचा.

हे वाचून ‘अरेरे’ म्हणणार असाल तर थांबा. मामांना सहानुभूती नकोय. पेन्शन आहे, घर आहे, मुलगी शिकतेय. मला भांडायचंय ते आपल्याशी, डिग्रीवाल्यांशी.

सातारा जिल्ह्यात सैन्यात जाणं नवीन नाही. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. मामा बारावी सायन्स करून एकोणिसाव्या वर्षी भरती झाले आणि ईएमईत गेले. ही लष्कराची दुरुस्ती करणारी शाखा, १९४३ सालची. रणगाड्यापासून दुर्बिणीपर्यंत जे बिघडेल ते यांच्याकडे येतं. मामांचं ट्रेनिंग सिकंदराबादला झालं. आपल्या डोक्यात जवान म्हटलं की बंदूक येते, मल्टीमीटर येत नाही.

काम कसलं? उंचावरच्या थंडीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची क्षमता घटते, बॅटरी लवकर उतरते, एलसीडीवरचे आकडे सुस्तावतात. ईशान्येच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना गंजतात. गाडीतल्या हादऱ्यांनी सोल्डरच्या जोडाला केसाएवढी चीर जाते, मग संच टेबलावर चालतो आणि गाडीत ठेवला की बंद पडतो. असले बिघाड पुस्तकात सापडत नाहीत. मोठी बेस वर्कशॉप खडकीला, आग्र्याला आहेत, पण चौकीवरचा संच आज रात्री चालायला हवा असतो. तिथे ‘तिकीट रेझ केलंय’ म्हणून झोपता येत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मामा सुट्टीवर आले होते. गावच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर बंद पडला होता. मी खोललं आणि उजवीकडून एकेक भाग तपासायला लागलो. मामा म्हणाले, “असं केलंस तर एकादशी उलटून जाईल. निम्म्यात काप.” त्यांनी व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज आला. “म्हणजे इथून स्पीकरपर्यंत सगळं ठीक. आता माइकपासून इथपर्यंत बघ. परत निम्म्यात.” चौथ्या वेळेला सुटलेला जोड सापडला.

पुढच्या वर्षी कॉलेजात बायनरी सर्च शिकवलं. आज नोकरीत मी गिट बायसेक्ट वापरतो. हजार बदलांपैकी कुठल्या बदलाने प्रोग्राम मोडला, ते दहा टप्प्यांत कळतं. युक्ती तीच आहे. मला तिचा पगार मिळतो. मामांना तीच युक्ती येते, हे विचारायची सोय कुठल्याही फॉर्ममध्ये नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या आधीच्या कंपनीत हार्डवेअर टेस्टिंगच्या लॅबला टेक्निशियन हवा होता. मी मामांचं नाव रेफर केलं. शिक्षणाच्या रकान्यात पर्याय दोनच होते, डिप्लोमा किंवा डिग्री. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, “सिस्टिम घेत नाही.” मी “ओके, थँक्स” असं लिहिलं आणि विषय संपवला.

त्या लॅबच्या मॅनेजरबरोबर मी रोज चहा प्यायचो. एक वाक्य बोललो असतो तरी त्याने मामांना भेटायला बोलावलं असतं. मी बोललो नाही. आपले मामा बारावी पास आहेत, हे सांगायची मला लाज वाटली. सिस्टिमने नाही म्हटलं हे खरं, पण ती सिस्टिम थोडी माझ्यातही होती.

सरकारी बाजू बघा. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना गट ‘क’मध्ये १० टक्के जागा राखीव आहेत. शिवाय एक चांगला नियम आहे. दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्या सैनिकाला, पदवीची अट असलेल्या राखीव गट ‘क’ पदासाठीही पात्र धरता येतं. पण पदाला तांत्रिक कामाचा अनुभव आवश्यक असेल, तर ही सवलत लागू नाही. म्हणजे कारकुनीसाठी मामा पदवीधर आणि टेक्निशियन म्हणून बारावी पास! सरसकट सूट नको, हे मान्य. पण ज्याचा वीस वर्षांचा ट्रेडच इलेक्ट्रॉनिक्स आहे त्याला वेगळं काढणं इतकं अवघड आहे?

राहिला रुळलेला रस्ता, तो सिक्युरिटीचा. डीजीआरची सुरक्षा एजन्सींची योजना आहे, महाराष्ट्रात मेस्को आहे. ही कामं प्रामाणिक आहेत, अनेकांची घरं त्यावर चालतात. माझा आक्षेप एवढाच, की सैनिक दिसला की आपल्याला दारच आठवतं.

‘त्यांचं तंत्रज्ञान जुनं असतं’ हा नेहमीचा युक्तिवाद. माझ्या डिग्रीतला निम्मा अभ्यासक्रमही जुनाच होता. तरी कंपनीने मला काही महिने पगार देऊन शिकवलं, कारण मी ‘ट्रेनेबल’ होतो. ज्याने वीस वर्षांत प्रत्येक नवा संच उघडून शिकून घेतला, तो चाळिशीत ट्रेनेबल का नाही? ओहमचा नियम तर त्यानंतर बदललेला नाही.

तुमच्या हातातल्या माउसकडे बघा. तो ज्याच्या डोक्यातून आला तो डग्लस एंगेलबार्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलात रडार टेक्निशियन होता, फिलिपिन्समध्ये. यंत्रातली माहिती पडद्यावर दाखवता येते, हे त्याला रडारमुळे ठाऊक होतं. युद्धानंतर त्याने राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माउससकट जे कॉम्प्युटर दाखवले, त्यावर आपलं पोट चालतंय. प्रत्येक टेक्निशियन एंगेलबार्ट नसतो. प्रत्येक डिग्रीवालाही नसतो. पण दारातच थांबवलं तर कोण काय आहे हे कळणार कसं?

आणि हा प्रश्न फक्त मामांच्या पिढीचा नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, मग जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे बाहेर. त्यांत तांत्रिक विभागाची मुलंही आहेत. ती पंचविशीच्या आसपास परत येतील, माझ्या धाकट्या भावाच्या वयाची, पेन्शनशिवाय. त्यांच्या हातात कौशल्याचं प्रमाणपत्र असेल. ते वाचायला आपण शिकलो नाही, तर त्या कागदाचा उपयोग फाइलीत ठेवण्यापुरताच.

२६ जानेवारीला आपण स्टेटस ठेवतो. ठेवूया. पण सैनिकाचा आदर करायची खरी जागा आपल्या कंपनीच्या भरतीच्या फॉर्ममध्ये आहे. ‘डिप्लोमा किंवा डिग्री’पुढे तीन शब्द वाढवा, ‘किंवा सैन्यातला ट्रेड’. मुलाखतीत बिघडलेला बोर्ड, सर्किट डायग्राम, मल्टीमीटर आणि एक तास द्या. जमलं तर घ्या, नाही जमलं तर नको म्हणा. दया दाखवू नका, परीक्षा घ्या. तीच परीक्षा आमच्या डिग्रीवाल्यांचीही घ्या, मग कोण किती पाण्यात आहे ते दिसेल.

गेल्या महिन्यात मी त्या जुन्या मॅनेजरला फोन केला. उशीर झाला होता, ती जागा केव्हाच भरली होती. तरी मामांबद्दल सांगितलं, बारावीसकट. तो म्हणाला, “अरे, तेव्हाच का नाही बोललास?” मामांना मी हे अजून सांगितलेलं नाही.