बी.एस्सी.नंतर काय? विज्ञानाला व्यापाराची जोड

निकालाचे दिवस आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. मुलाने प्राणिशास्त्रात, मुलीने सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली. आता पुढे काय? घरात दोनच उत्तरे तयार असतात: बी.एड. करा, नाहीतर औषध कंपनीत एम.आर. व्हा. तेही जमले नाही आणि मुलगा अब्बांच्या दुकानात बसला, की मोहल्ला म्हणतो, ‘‘एवढं शिकून काय केलं?’’

आम्हाला वाटते, चूक दुकानात नाही. शिकलेले विज्ञान दुकानाबाहेर ठेवून आत शिरण्यात आहे.

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९३५ साली मुंबईत ‘सिप्ला’ सुरू केली. त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सची तीन औषधे मिळून दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली आणि जगभरच्या गरीब रुग्णांना आशा दिली. बंगळुरूच्या किरण मजुमदार प्राणिशास्त्राच्या पदवीधर. मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊनही बाई म्हणून त्यांना त्या धंद्यात नोकरी मिळेना. १९७८ साली त्यांनी ‘बायोकॉन’ काढली. सुरुवात झाली पपईतून मिळणाऱ्या विकरापासून. दोघांकडेही विज्ञान होते आणि त्याचा हिशेब मांडण्याची तयारीही होती.

एवढी मोठी उडी प्रत्येकाने घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वऱ्हाडातच पाहा. कापूस, सोयाबीन, तूर, वरुड-मोर्शीची संत्री. आणि अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ. संत्र्याची मुळे कुजवणाऱ्या बुरशीवर ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशीच उपयोगी पडते. हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला कळते. बागायतदाराला मात्र ते कुणीतरी विश्वासाने सांगावे लागते. विकणारा आणि सांगणारा एकच असला, तर दोघांचेही भले.

हा नुसता पोटाचा प्रश्न नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपला कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कोणते औषध कशात मिसळायचे नाही, तोंडाला काय बांधायचे, हे बहुतेक शेतकरी कृषी केंद्राच्या गल्ल्यावरच विचारतो. म्हणून तिथे जाणकार माणूस हवा. कीटकनाशक नियमांत २०१५ साली झालेल्या बदलाने विक्री परवान्यासाठी शिक्षणाची अट आली. त्यात कृषी पदवीसोबत जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, जीवशास्त्रे आणि रसायन, वनस्पती वा प्राणिशास्त्र घेतलेली विज्ञानाची पदवीही चालते. जी पदवी ‘काही कामाची नाही’ म्हणून पेटीत ठेवली, तीच इथे कामाची आहे.

मग सुरुवात कुठून करावी? आमचा सल्ला असा: लगेच दुकान टाकू नका. आधी दोन-तीन वर्षे बियाणे, जैविक खते किंवा कीटकनाशकांच्या कंपनीत विक्रीची नोकरी करा. गावोगाव फिरताना बाजार कळतो. मुख्य म्हणजे उधारी कळते. माल जूनमध्ये जातो आणि पैसे कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर येतात. हे सहा महिने कसे काढायचे ते कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. नोकरी करतानाच मुक्त विद्यापीठातून व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करता येतो. निदान जीएसटी आणि हिशेबाच्या वह्या समजून घ्याव्यात.

दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवा. मेडिकल स्टोअरला फार्मसीचेच शिक्षण लागते, तिथे बी.एस्सी. चालत नाही. आणि जैविक कीटकनाशक स्वतः बनवून विकायचे तर केंद्राकडे नोंदणी आणि राज्याचा उत्पादन परवाना लागतो, जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली येतात. घरी डबे भरून विकणे हा गुन्हा ठरतो, शिवाय शेतकऱ्याची फसवणूक.

भांडवलाचे काय? व्याजाचे कर्ज नको असणारी कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. त्यांना भागीदारीचा मार्ग मोकळा आहे: एकाचा पैसा, दुसऱ्याचे ज्ञान आणि कष्ट, नफ्याचा वाटा आधी ठरलेला. पण मामा असो की चुलतभाऊ, करार कागदावरच करा. देणे-घेणे लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिलेलीच आहे. तोंडी भागीदारीत धंदा बुडतो आणि नातेही.

मुलींच्या पालकांना एक वेगळी विनंती. एम.एस्सी. झालेली मुलगी पुण्याला पाठवायची नसेल, तर अकोला-अमरावतीतच माती-पाणी तपासणीचे किंवा अळिंबी उत्पादनाचे काम तिला करता येते. तिचे शिक्षण लग्नाच्या बायोडाटातली एक ओळ होऊन राहू नये.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात दरवर्षी शिवार फेरी असते. यंदा मुलामुलींना घेऊन जा. तिथली पिके पाहू द्या, कास्तकारांशी बोलू द्या. घरी आल्यावर एकच विचारा: या लोकांची कोणती अडचण तुला सोडवता येईल, आणि त्याचे ते किती पैसे देतील? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हलाल रोजीची वाट सापडते.