एम.ए. इन जपान

हल्ली कोण काय शिकायला जाईल याचा नेम राहिलेला नाही. एम.बी.ए., एम.एस. वगैरे आता नातेवाइकांनाही पाठ झालंय. तुम्ही नुसतं 'एम.एस.' म्हणा, मावशी स्वतःहून विचारते, "कुठल्या स्टेटमध्ये?" पण 'मी जपान या विषयात एम.ए. करतेय' असं म्हणून बघा. आधी एक सेकंद शांतता. मग, "म्हणजे जपानी भाषेत ना?" मग, "ट्रान्सलेशनला काय जाम पैसे मिळतात म्हणे!" तुम्ही समजावू लागता की नाही हो, भाषा आहेच, पण इतिहास, समाज, राजकारण, साहित्य, सगळंच... तोवर समोरची व्यक्ती जिलबी घ्यायला उठलेली असते.

इंग्रजीत याला 'एरिया स्टडीज' म्हणतात. आपण प्रादेशिक अभ्यास म्हणू. विषय अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र नाही. विषय म्हणजे एक अख्खा प्रदेश आणि तिथली माणसं.

माझी एक मैत्रीण सध्या या भानगडीत पडली आहे. वय २९. हिंजवडीतल्या एका कंपनीत 'ब्रिज इंजिनियर'. इकडची टीम आणि तिकडचा जपानी क्लायंट यांच्यामधला चालताबोलता पूल! पगार मस्त, वाकडला फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता, आणि कपाटात जेएलपीटी या जपानी भाषा परीक्षेचं 'एन-२' सर्टिफिकेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एन-५ सर्वांत सोपी पातळी, एन-१ सर्वांत अवघड. म्हणजे बाईसाहेब वरून दुसऱ्या पायरीवर. पुण्यात हे काही नवीन नाही म्हणा. मी रानडे इन्स्टिट्यूटला मास कॉम करत होते तेव्हा त्याच आवारात परकीय भाषांचे वर्ग असायचे. आम्ही चहा पीत जगाची पत्रकारिता सुधारत बसायचो आणि शेजारी जपानीची पोरं छोटी छोटी कार्डं उलटी-सुलटी करत कांजी घोकायची. त्यांच्यातल्या निम्म्यांना नोकरी आमच्या आधी लागली, हे जाता जाता सांगून टाकते.

तर अशी सोन्यासारखी नोकरी सोडून ही पोरगी एम.ए. करायला निघाली आहे. का? तर ओसाकातल्या एका डिनरमुळे.

प्रोजेक्ट संपलं की जपानी ऑफिसात 'उचिआगे' होतं. म्हणजे कामाचा शेवट गोड करायची पार्टी. इझाकायात सगळे बसलेत, बिअर चालू आहे. हिच्या शेजारी क्लायंटकडचे पन्नाशीचे एक शांत गृहस्थ. गप्पा सुरू ठेवायच्या म्हणून हिनं आपल्याकडे रेल्वेच्या डब्यातही विचारतात ते विचारलं. तुम्ही मूळचे कुठले? ओसाकातच? कुठल्या भागात? आजोबा काय करायचे? टेबल गप्प झालं. दोनच सेकंद. मग कोणीतरी हिचा ग्लास भरला आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक सीनियर बाई हळूच म्हणाल्या, "ते प्रश्न इकडे, विशेषतः कान्सायमध्ये, विचारत नाहीत." बस्स. का ते सांगितलं नाही. त्या गृहस्थांचं खरंच काही होतं की नुसता संकोच, हेही हिला आजपर्यंत कळलेलं नाही.

हॉटेलवर येऊन हिनं वाचायला घेतलं आणि एक शब्द सापडला : 'बुराकू'. शब्दशः अर्थ वस्ती, वाडी. यात काय विशेष? विशेष हे की मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, मर्तिकाची कामं करणं, अशा 'अशुद्ध' मानलेल्या धंद्यांतल्या लोकांच्या या वस्त्या होत्या. वंश तोच, भाषा तीच, धर्म तोच. तरी वेगळे. १८७१ मध्ये मेइजी सरकारनं फर्मान काढून हा दर्जा रद्द केला. पण पुढच्याच वर्षी जी कुटुंबनोंदणी झाली तिच्यात बऱ्याच ठिकाणी जुन्या खुणा तशाच राहिल्या, आणि ती दप्तरं लोकांना बघायला बंद झाली थेट १९६८ मध्ये! १९७५ मध्ये तर उघडकीला आलं की अशा वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून गुपचूप विकल्या जातायत आणि दोनशेच्या वर कंपन्यांनी त्या घेतल्यात. कशाला? तर नोकरीला आलेल्या पोराचा पत्ता त्यात आहे का ते बघायला. म्हणजे तिथे आडनाव विचारावं लागत नाही. 'मूळचे कुठले' पुरतं.

आता तिची एक गोष्ट सांगते, तिला विचारून. ती नागपूरची, इंदोऱ्याची. पुण्यात नवीन आली तेव्हा भाड्यानं फ्लॅट शोधताना 'मूळचे कुठले' आणि 'पूर्ण नाव काय' हे दोन प्रश्न तिनं इतक्यांदा ऐकलेत की तिसऱ्या घरापासून तिनं मोजायला सुरुवात केली होती. उत्तर दिल्यावर फ्लॅट 'कालच गेला' असायचा. आणि हाच प्रश्न तिनं ओसाकात जाऊन, हसत हसत, दुसऱ्या कुणाला विचारला होता.

"मला त्यांची भाषा येते," ती म्हणाली, "पण मला ते लोक येत नाहीत यार."

खरं तर जपान तिला लहानपणापासून ओळखीचं. आपल्यातल्या बहुतेकांचं जपान ॲनिमेपासून सुरू होतं. तिचं इंदोऱ्याच्या बुद्धविहारापासून. तिथले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई मूळचे जपानी. चिवर घातलेले, हिंदी बोलणारे जपानी भंतेजी रोज दिसणार, तर लहान पोरीला जपान म्हणजे पलीकडच्या गल्लीतलं काहीतरी वाटणारच. आणि तरीही क्लासच्या चार वर्षांत 'बुराकू' हा शब्द एकदाही कानावर आला नाही. क्लासचा दोष नाही. अमेरिकी सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, तिथे जपानीसाठी सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरलेले असतात. एवढं व्याकरण आणि कांजी रेटताना समाज कुठे बसवणार?

ते बसवायची जागा म्हणजे हे एम.ए. लंडनच्या 'सोआस'पासून नेदरलँड्समधल्या लायडनपर्यंत ही दुकानं बरीच जुनी आहेत. लायडनला तर १८५५ पासून जपानीचा प्राध्यापक आहे, कारण शतकानुशतकं नागासाकीजवळच्या देजिमा या इवल्याशा बेटावर बसून व्यापार करायची परवानगी असलेले युरोपियन म्हणजे फक्त डच. आपल्याकडे जेएनयू आहे, दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशिया विभाग आहे. बाहेर एक किंवा दोन वर्षांचा कोर्स. भाषा चालूच राहते, पण आता संवाद नाही, मूळ कागद वाचायचे. बरोबर इतिहास, समाजशास्त्र, सिनेमा, जे तुम्ही निवडाल ते, आणि शेवटी प्रबंध. खरी मजा आणि खरी रडारड प्रबंधात! कारण तिथे 'जपानी लोक वक्तशीर असतात' टाइपचं वाक्य लिहिलं की गाईड विचारतो : कुठले जपानी? कधीपासून? कुणी मोजलं? आमच्या चाकणच्या कारखान्यांमधून 'कायझेन'चे बोर्ड लागलेत, विमानतळावर 'इकिगाई' विकायला आहे, आणि सिंहगड रोडला २००६ पासून ओकायामाच्या धर्तीची देखणी बागही आहे, जिला 'पूर्वरंग'मधून मराठी माणसाला जपान दाखवणाऱ्या पु. लं.चं नाव दिलंय. या सगळ्यात खोटं काही नाही. पण एवढ्यालाच जपान म्हणणं म्हणजे शनिवारवाडा बघून पुणं कळलं म्हणण्यासारखं आहे. (पुणेकरांनो, पत्रं पाठवू नका.)

या विषयाला एक काळी बाजूही आहे, आणि चांगल्या कोर्समध्ये ती पहिल्याच महिन्यात शिकवतात. हे ज्ञान काही प्रेमापोटी जन्मलेलं नाही. 'सोआस' १९१६ मध्ये स्थापन झालं ते साम्राज्याचे अधिकारी तयार करायला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना शत्रूचा अभ्यास करायला बसवलं. त्यातून १९४६ मध्ये जपानवरचं प्रचंड गाजलेलं 'द क्रिसँथेमम अँड द सोर्ड' आलं. आणि बाई जपानला कधी गेल्याच नव्हत्या! १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, अमेरिका हादरली आणि १९५८ च्या कायद्यानं विद्यापीठांच्या प्रादेशिक अभ्यासकेंद्रांना धो धो पैसा मिळाला. मग १९७८ मध्ये एडवर्ड सईदनं 'ओरिएंटॅलिझम' लिहून या सगळ्यांची झोप उडवली. (योगायोग बघा, आपल्याकडे दया पवारांचं 'बलुतं' त्याच वर्षी आलं.) पण माणसं नेहमी सरकारच्या हिशोबाप्रमाणे वागत नाहीत. डोनाल्ड कीन अमेरिकन नौदलात जपानी शिकला ते युद्धकैद्यांशी बोलायला आणि मेलेल्या सैनिकांच्या डायऱ्या वाचायला. पुढे जन्मभर जपानी साहित्य शिकवत, अनुवादत राहिला आणि २०११ च्या भूकंपानंतर, २०१२ मध्ये, जपानचा नागरिक झाला. वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी!

मैत्रिणीला बुराकूंच्या चळवळीवर प्रबंध करायचाय. १९२२ मध्ये क्योतोत 'सुइहेइशा' नावाची त्यांची संघटना उभी राहिली. बाबासाहेबांच्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय. फक्त तिला एकच भीती. "मी कोण विचारणारी? एकदा विचारून बघितलं ना!"

इथे मी तिला एलिनॉर झेलियट आठवून दिल्या. अमेरिकन बाई, मराठी शिकल्या आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर डॉक्टरेट केली. तेव्हा आपल्याकडच्या विद्यापीठांत या विषयाला फारसं कोणी हात लावत नव्हतं. किंवा हायडलबर्गचे सोंथायमर घ्या. ते धनगरांबरोबर हिंडून खंडोबा, बिरोबा समजून घेत राहिले. आपणही कुणाचातरी 'एरिया' आहोत, मंडळी. बाहेरच्यानं विचारावं की नाही, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. विचारायच्या आधी तो किती वर्षं गप्प बसून ऐकत होता, हे मी बघेन. ती यावर काही बोलली नाही. "झेलियटबाईंना कुणी फ्लॅट नाकारला नसेल," एवढंच म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पैशाचं बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कॉलमवाली हवेत. पुढे नोकरी काय? प्राध्यापकी, संशोधनसंस्था, पत्रकारिता, दूतावास, आणि पुन्हा कॉर्पोरेट. हमखास असं काहीच नाही. एम.बी.ए.सारखे प्लेसमेंटचे तंबू इथे लागत नाहीत. लंडनची फी ऐकून तर तिनं ब्राउझरच बंद केला. आशा आहे ती जपान सरकारच्या 'मेक्स्ट' शिष्यवृत्तीवर : फी माफ, विमानाचं तिकीट आणि महिन्याला १ लाख ४० हजारांवर येन. वयाची अट ३५ च्या आतली. अर्ज दूतावासामार्फत, लेखी परीक्षा, मुलाखत आणि मुख्य म्हणजे संशोधनाचा आराखडा. तिथे 'मला जपानी संस्कृती आवडते' लिहिणारे सगळ्यात आधी गळतात असं तिला दोन माजी स्कॉलर्सनी सांगितलंय.

सध्या ती रात्री सुइहेइशाचा १९२२ चा जाहीरनामा मूळ जपानीत वाचतेय. जुनं लेखन, युद्धानंतर बदललेल्या लिपीच्या आधीचं, त्यामुळे एन-२ पार झोपलंय. रोज तीन ओळी. कधी दोनच.

नागपूरला बाबांना सांगितलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. "जपानचं जपानवाल्यायलेच शिकू दे ना. पगार सोडून तुले कायले पायजे?" तिनं तासभर फोनवर बुराकूंबद्दल सांगितलं. फर्मान, नोंदणी, कंपन्यांनी विकत घेतलेल्या याद्या. पलीकडे नुसतं 'हं, हं'. शेवटी बाबा म्हणाले, "त्या लोकायच्यातून कोणी मोठा झाला का?"

तिनं हिरोमु नोनाकांचं नाव सांगितलं. १९९८ मध्ये जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव झालेले, सरकारातले फार वजनदार गृहस्थ.

"थांब," बाबा म्हणाले, "पेन आणतो. नाव पुन्हा सांग, हळू."