मूल सांभाळतो कोण?

समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घ्यावं का, हा विषय हॉस्टेलवर निघाला की पोरगा नांदेडचा असो वा लातूरचा, तीन वाक्यं ठरलेली. 'लेकराला आई पण पाहिजे अन् बाप पण.' 'आपल्याकडं असलं चालत नाही.' 'शाळेत पोरं चिडवतील.' मला ही तिन्ही वाक्यं पटत नाहीत.

आधी पहिलं. आई-बाप दोघं हवेतच, असं आपला कायदाही म्हणत नाही. लग्न न केलेल्या एकट्या बाईला किंवा पुरुषाला आजही मूल दत्तक घेता येतं. फक्त एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. जोडप्याला मात्र किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, असा 2022 चा नियम आहे. समलिंगी लग्नाला मान्यता नाही, म्हणजे दारच बंद! 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा नियम कायम ठेवला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांना तो भेदभाव वाटला, पण ते अल्पमतात गेले. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

परिणाम काय? दोघी मैत्रिणी एकत्र संसार करत असतील तर त्यातली एकच कागदावर आई होणार. उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तर रात्र रात्र जागून लेकराला वाढवणारी दुसरी कायद्याच्या लेखी परकी! यात लेकराचं कोणतं भलं झालं?

आता 'आपल्याकडं'. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि कित्येक लेकरं पोरकी झाली. कुणाला आजीनं वाढवलं, कुणाला मामानं. काही नळदुर्गच्या 'आपलं घर'मध्ये राहिली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. तेव्हा घरात एक बाई अन् एक बाप्या आहे का, हे कुणी मोजलं नाही. पोर जेवतंय का, शिकतंय का, एवढंच पाहिलं. कुणी म्हणेल, ती आपत्ती होती. अहो, अनाथालयातल्या लेकराची आपत्ती तर रोजचीच आहे!

राहिलं चिडवणं. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांचं 'सेवालय' आहे. तिथल्या एचआयव्हीबाधित मुलांना 2009 साली गावच्या शाळेत बसू द्यायला पालकांचा विरोध झाला होता. चूक त्या लेकरांची होती का? मोठ्यांच्या मनातल्या भीतीची होती. मग दोन बाबांच्या मुलाला कुणी चिडवलं, तर बदलायचं कुणी? त्या मुलानं, की चिडवणाऱ्यानं?

दत्तक देताना चौकशी कडक हवीच. घर बघा, कमाई बघा, स्वभाव बघा. पण ती सगळ्यांची सारखी व्हावी. आपण इंजिनिअरिंगवाले कॉलमवर भार टाकण्याआधी त्याची ताकद तपासतो, जात-कुळी नाही. पालक निवडतानाही तेवढंच बघावं.

नेदरलँड्समध्ये 2001 पासून अशी जोडपी मुलं दत्तक घेतात. आपला कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पुढच्या वेळी हा विषय निघाला, की खिदळण्याआधी त्या लेकराचा विचार करा, एवढंच सांगणं.