सांगायला जाणाराच नाहीसा झाला तर?

दरवर्षी १० डिसेंबरला आमच्या शाळेत मानवी हक्क दिन पाळला जातो. जाहीरनाम्यातील चार-दोन कलमे वाचून दाखवायची, त्यांचा अर्थ सांगायचा आणि तास संपवायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गेल्या वेळी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, हे हक्क सरकारनेच मोडले तर सांगायचं कुणाला?" आम्ही तिला न्यायालय सांगितले, आयोग सांगितला, शेवटी संयुक्त राष्ट्रसंघही सांगितला. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले, पण आमचे झाले नाही. सांगायला गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे आम्ही तिला सांगितलेच नव्हते.

चीनच्या चिंगहाय प्रांतात यूशू नावाचे तिबेटी वस्तीचे गाव आहे. तेथे ताशी वांगचुक नावाचा एक दुकानदार राहतो. गावातल्या शाळांतून तिबेटी भाषेचे शिक्षण बंद होत चालले आहे, आपल्या भाच्या-पुतण्यांना मातृभाषा वाचता-लिहिता येणार नाही, ही त्याची व्यथा. त्याने दगड उचलला नाही की स्वतंत्र तिबेटची घोषणा दिली नाही. चीनच्याच राज्यघटनेच्या चौथ्या कलमात प्रत्येक वांशिक गटाला आपली भाषा व लिपी वापरण्याचे आणि वाढवण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. त्या कलमावर विसंबून हा गृहस्थ २०१५ साली स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध दावा लावण्यासाठी बीजिंगला गेला. त्याचे वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना. या खटाटोपावर अमेरिकेतील 'न्यू यॉर्क टाइम्स'ने नऊ मिनिटांची चित्रफीत केली. जानेवारी २०१६ मध्ये त्याला अटक झाली. खटल्यात पुरावा म्हणून तीच चित्रफीत पुढे आली आणि मे २०१८ मध्ये 'फुटीरतेला चिथावणी' दिल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा पुरी भोगून जानेवारी २०२१ मध्ये तो सुटला.

ज्या महिन्यात तो सुटला, त्याच महिन्यात चीनच्या संसदेच्या विधिविषयक आयोगाच्या प्रमुखांनी एक निर्वाळा दिला. अल्पसंख्य भाषांतून शिक्षण द्यावे असे सांगणारे काही स्थानिक नियम राज्यघटनेशी विसंगत आहेत, असा तो निर्वाळा. घटनेतले अक्षर जागेवर राहिले आणि अर्थ तेवढा बदलला! त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, इनर मंगोलियात काही विषयांची मंगोल भाषेतील पाठ्यपुस्तके काढून चिनी भाषेतील आणली गेली, तेव्हा तेथील पालकांनी मुलांना शाळेतून घरी ठेवले होते. तोही निषेध दडपण्यात आला.

कुणी म्हणेल, एका देशाच्या अंतर्गत कारभाराशी सीमाभागातल्या शेतकऱ्याचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या भाषेचा वापर नाकारता येणार नाही, हे तत्त्व १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २७ व्या कलमात आहे. भारत या करारात १९७९ साली सामील झाला. चीनने १९९८ साली सही केली, पण करारास मान्यता आजतागायत दिलेली नाही. १९९२ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेने भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामाही केला. ही कलमे जशी तिबेटी मुलाची, तशीच मराठी मुलाचीही. सामायिक विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळू दिला, तर पाणी सगळ्यांचेच गढूळ होते.

हा कठडा ढासळवण्याचे काम जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत कसे चालते, तेही पाहावे. करार कुणी फाडत नाही. नुसता साक्षीदार उठवला जातो. साओ शुन्ली नावाच्या चिनी कार्यकर्त्या बाईंची मागणी एवढीच होती, की सरकार मानवी हक्कांवर राष्ट्रसंघाला जो अहवाल देते, तो तयार करताना नागरिकांचेही ऐकावे. सप्टेंबर २०१३ मध्ये जिनिव्हाला निघाल्या असता बीजिंगच्या विमानतळावर त्यांना ताब्यात घेतले गेले. कोठडीत प्रकृती ढासळली आणि १४ मार्च २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात परिषदेत काही संघटनांनी त्यांच्यासाठी क्षणभर मौन पाळण्याचा प्रयत्न केला, तर चीनच्या प्रतिनिधीने कामकाजाचे नियम पुढे करून तेही अडवले. मेलेल्या बाईसाठी गप्प उभे राहण्यालासुद्धा हरकत!

दुसरा मार्ग म्हणजे विषयच पटलावर येऊ न देणे. शिनजियांगमधील उइघुर मुसलमानांच्या स्थितीवरचा राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचा अहवाल ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, उच्चायुक्तांची मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना, प्रसिद्ध झाला. तेथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असण्याची शक्यता त्यात नोंदलेली आहे. ऑक्टोबरमध्ये परिषदेपुढे ठराव आला, तो चीनचा निषेध करण्याचा नव्हता, या अहवालावर नुसती चर्चा करण्याचा होता. ४७ सदस्यांपैकी १७ बाजूने, १९ विरोधात आणि ११ तटस्थ. चर्चा झालीच नाही. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार यांसारखे मुस्लिमबहुल देश होते. बळी तो कान पिळी, हे ठाऊक होते; पण धर्मबंधूंचे कान पिळले जात असताना मान फिरवून बसणारेही इतके निघतील, असे वाटले नव्हते.

तिसरा मार्ग शब्दांचा. 'परस्परहिताचे सहकार्य', 'आधी विकास', 'अंतर्गत बाब' हे शब्द ऐकायला गोड आहेत. मार्च २०१८ मध्ये चीनने परस्परहिताच्या सहकार्याचा ठराव परिषदेत मांडला आणि तो २८ विरुद्ध १ मतांनी संमत करून घेतला. या भाषेत सरकार सरकारशी बोलते. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्या बोलण्यात कुठेच नसतो.

मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असेही सांगितले जाते. ते खरे नाही. १९४८ चा जाहीरनामा घडवणाऱ्यांत प्राध्यापक पेंग चुन चांग हे तेव्हाच्या चीनचे प्रतिनिधी अग्रभागी होते. पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द हटवून तेथे 'सर्व मानव' आणणाऱ्या आपल्या हंसाबेन मेहता होत्या, वडोद्याच्या दिवाणांची मुलगी आणि पुढे तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. हे घर आपल्याही माणसांनी बांधलेले आहे.

म्हणूनच २०२२ च्या त्या मतदानात भारत तटस्थ राहिला, याचे वाईट वाटते. एका विशिष्ट देशाविरुद्धचे ठराव उपयोगी पडत नाहीत ही आपली जुनी भूमिका असल्याचे परराष्ट्र खात्याने सांगितले; शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हावा, असेही सोबत म्हटले. परंतु दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील अन्यायाचा प्रश्न १९४६ मध्ये राष्ट्रसंघात नेणारा देश आपलाच. श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावर २०१२ आणि २०१३ साली ठरावाच्या बाजूने मत देणाराही आपलाच. तेव्हा जे उपयोगी वाटले, ते नंतर निरुपयोगी कसे झाले?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सीमाभाग म्हणजे तिबेट नव्हे, आणि तसे कुणी म्हटल्यास तो ताशी वांगचुकचा अपमान होईल. आपण १९५६ पासून मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, माणसे गमावली. पण आपल्याला वकील मिळाला, २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल होऊ शकला आणि हा लेख उद्या सकाळी तुमच्या हाती पडेल. घटनेचे ३५० (अ) कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगते. ते पाळले जात नाही तेव्हा आपण भांडतो. भांडता येते, हीच आपली खरी मिळकत आहे. सातबारा मराठीतून मिळो न मिळो, ही मिळकत आधी सांभाळली पाहिजे.

ती सांभाळायची तर मोजमाप एकच हवे. आपल्या गावातील मराठी शाळेसाठी जो नियम, तोच जत आणि अक्कलकोट भागातील कानडी शाळेसाठी. आमच्या समितीच्या बैठकीत हे बोललो, तेव्हा दोन-तीन सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, आपलं बघा आधी," असे एकाने सुनावलेही. आपलेच बघतो आहोत, हे आमचे त्याला उत्तर. दुसऱ्याच्या मुलाची पाटी फुटताना जो गप्प बसतो, त्याची साक्ष स्वतःच्या मुलासाठी कोण मानणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञांनी सांगितले, की सुमारे १० लाख तिबेटी मुले घरापासून दूर निवासी शाळांत ठेवली जात असून तेथील शिक्षण चिनी भाषेतून होते. म्हणजे साक्षीदार अजून पुरते संपलेले नाहीत. येत्या १० डिसेंबरला त्या मुलीला आम्ही उरलेले उत्तर देणार आहोत. बाळ, सांगायचे कुणाला हा निम्मा प्रश्न झाला. कुणी सांगायला गेले आणि परत आले नाही, तर त्याचे नाव घेऊन विचारायला आपण उठतो की नाही, हा उरलेला निम्मा. त्याचे उत्तर जिनिव्हात नाही, आपल्याकडेच आहे.