पासबुकातली गळती

मैत्रिणींनो, महिनाअखेर असावी, मुलांच्या फीसाठी राखलेले पैसे काढायला बँकेत जावं, तर पासबुकात दोन-चारशे रुपये परस्पर कापलेले! जीव हळहळतो ना? हळहळत बसू नका, पदर खोचा.

आधी कारण विचारा. कर्जाचा हप्ता शिल्लक नसल्यानं परत गेला, तर बँक आणि कर्ज देणारा, दोघंही दंड लावू शकतात. म्हणून हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्या.

किमान शिल्लक कमी पडली असेल, तर रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम ध्यानात ठेवा: बँकेनं आधी कळवायचं, भरपाईला महिनाभर मुदत द्यायची आणि या दंडापायी खातं उणे करायचं नाही. तसं झालं नसेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

शिल्लक ठेवणं झेपतच नसेल, तर ‘मूलभूत बचत खातं’ मागा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. मात्र त्याच बँकेतलं दुसरं बचत खातं बंद करावं लागतं. विचारायला लाजू नका बरं, पैसा घामाचा आहे!