मान्यता रोषाने जात नाही

2021-22 च्या एसटी संपात वाशिम जिल्ह्यातल्या आगारांनीही राज्याबरोबर चाके थांबवली. संघटनांच्या कृती समितीने माघार घेतली, तरी कामगार महामंडळाच्या राज्य सरकारमधील विलीनीकरणाच्या मागणीवर अडून राहिले. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत रुजू होण्याची मुदत दिली, तेव्हा कुठे संप मिटला. संघटनांवरचा विश्वास उडाल्याचे इतके उघड दर्शन क्वचितच घडते. पण विश्वास उडाला म्हणून संघटनेची कायदेशीर मान्यता जात नाही. महामंडळाच्या पातळीवरची मान्यता एका आगारातल्या कामगारांनी संघटनेचे राजीनामे देऊन तर मुळीच जात नाही.

मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपाने हेच दाखवले. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे लाखो कामगार उभे राहिले, तरी राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा प्रातिनिधिक दर्जा कायद्याने अबाधित राहिला.

नको असलेल्या संघटनेची मान्यता घालवण्याचा मार्ग महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमात आहे. संघटनेची सदस्यसंख्या सलग सहा महिने 30 टक्क्यांच्या खाली राहिली, मान्यता चुकीने किंवा फसवणुकीने मिळालेली असली, किंवा कारभार मालकाच्या हितासाठी चालला, तर औद्योगिक न्यायालय कारणे दाखवा नोटीस देऊन व चौकशी करून मान्यता रद्द करते. मान्यतेला दोन वर्षे झाल्यावर अधिक सदस्य असलेली दुसरी संघटनाही तिच्या जागी मान्यता मागू शकते. निकाल लागतो तो वर्गणीच्या पावत्या आणि सदस्य नोंदवहीवर. म्हणून कामगारांना सल्ला देताना आधी राजीनामे लेखी घ्या, तारखा जपा, पोच ठेवा.

व्यवस्थापनाच्या सल्लागारांनी मात्र एक रेघ ओलांडू नये. राजीनाम्याचे छापील अर्ज वाटणे, बढतीचे आमिष दाखवणे, मर्जीतल्या संघटनेला पैसा पुरवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. संघटना नको हे कामगारांनीच ठरवायचे असते.

जिल्ह्यातल्या अनेक जिनिंग आणि डाळ मिलमध्ये पन्नासही कामगार नसतात; तिथे 1971 च्या अधिनियमातले मान्यतेचे प्रकरण लागूच होत नाही. शिवाय 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने एकाहून अधिक संघटना असतील तिथे एकमेव वाटाघाटी संघटनेसाठी 51 टक्क्यांची अट घातली आहे. तेव्हा जुना अधिनियम आणि नवी संहिता शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणालाही सल्ला देऊ नका. कच्च्या सल्ल्याची किंमत शेवटी कामगारच मोजतो.