दानाला पाटी हवीच का?

मंडळी, देणगी म्हटलं की आपल्याला आधी पाटी आठवते. आजोबांच्या नावाची खोली, आजीच्या नावाचा कूलर! पण त्या कूलरचं वीजबिल कोण भरणार? बिलावर नाव कोरता येत नाही ना...

२०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्दचं पाणी सुटलं, वैनगंगेला पूर आला आणि आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं बुडाली. अशा वेळी पोरांची वह्या-पुस्तकं जातात, फी अडते. कूलरसाठी दिलेला पैसा तिथे चालत नाही. मोकळा पैसा लागतो.

येल विद्यापीठाचे माजी विद्यार्थी १८९० पासून असा निधी जमवतात. दरवर्षी थोडं द्यायचं, गरज कुठे आहे ते विद्यापीठ ठरवतं.

आपलं गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. त्याच्याकडे म्हातारे करोडपती माजी विद्यार्थी कुठून असणार? आपणच आहोत, पुण्यात ईएमआय भरणारे! मग काढूया की दहा-वीस जणांचं मंडळ, महिन्याला पाचशे रुपये.

"पैसे खाल्ले तर?" अहो, मग दरवर्षी हिशोब मागा, छापून मागा. चोरी हिशोबाने थांबते, संगमरवरी पाटीने नाही.

बोला, कोण कोण येतंय?